समजा, माझ्याकडे चार घोडे आहेत

रविवारी सकाळी दहा वाजता इमारतीच्या हॉलमध्ये ‘आपला आयकर आपणच भरा, तोही फुकट’ या विषयावर मास्तरांचा वर्ग भरेल, अशी सूचना जिन्याखालच्या फळ्यावर झळकली, तेव्हा मास्तरांनी स्वतःचं रिटर्न जन्मात कधी भरलेलं नव्हतं. ही गोष्ट तिघांना ठाऊक होती : मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, देवाला आणि काकूंच्या धाकट्या भावाला. पहिले दोघे बोलून दाखवणाऱ्यातले नव्हते. तिसरा सीए होता.

आता मेव्हण्यांबद्दल वाईट बोलायचं नाही. इतकी वर्षं मास्तरांचं रिटर्न त्यांनीच भरलं आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. घेतला असता तर स्वस्तात पडलं असतं. कारण पैशाऐवजी ते दर वर्षी एक वाक्य ऐकवत. जेवणं झाली की सोफ्यावर रेलायचं, गाडीची किल्ली बोटात फिरवायची आणि म्हणायचं, “काय भाऊजी, अख्ख्या गावाला गणित शिकवलंत आणि बेरीज मात्र आमच्याकडून!” मास्तर हसायचे. ते हसू काकूंना बघवत नसे. दाढ उपटून घेतल्यावर माणूस डॉक्टरांचे आभार मानताना हसतो ना, तसं ते असायचं.

यंदा किल्ली जरा जास्तच फिरली. “आता तर सगळं ऑनलाइन आहे, भाऊजी. घरबसल्या, फुकट. पण तुम्हाला नाही जमायचं. तुम्ही आपले ते क्ष आणि य सांभाळा.”

मास्तर ताडकन उठले. त्यांना स्वतःबद्दल काहीही बोललेलं चालायचं. ‘क्ष’बद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. काकूंनी संध्याकाळी शर्ट धुवायला घेतला तर उजव्या बाहीवर खडूची पूड! काकू तो शर्ट हातात घेऊन मोरीच्या दाराशी जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. शाळा सुटल्यापासून (म्हणजे मास्तरांची कायमची सुटल्यापासून) त्यांच्या बाहीला फक्त इस्त्री होती. दिवसभर खिडकीशी बसायचं, वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने गोल करायचे आणि संध्याकाळी ते वर्तमानपत्र रद्दीत टाकायचं. कुणाला काही अडत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. आता मात्र जिन्यात लोक थांबवून विचारू लागले होते, “मास्तर, वही आणायची का हो?” मास्तर म्हणत, “आणायचीच! समास सोडून!”

तेव्हा हा वर्ग भरलाच पाहिजे, असं काकूंनी मनाशी धरलं. देवाकडे सहसा त्या काही मागत नसत. त्याच्या कानावर घालत, इतकंच. हेही कानावर घातलं.

इथे काकूंच्या व्रताबद्दल सांगायला हवं. रोज सकाळी डोळा उघडल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत त्या मौन पाळत. आजारपणात पाळलं, मुलीच्या लग्नाच्या दिवशीही पाळलं. (त्या दिवशी व्याही त्यांना फार समजूतदार म्हणाले.) आणि मौन म्हणजे कडक मौन. चिठ्ठी लिहून दाखवणं ही पळवाट झाली, असं त्यांचं मत होतं. देवाला काय वाचता येत नाही? खुणा तेवढ्या चालत, कारण खुणांशिवाय संसार चालत नाही. चिमूट दाखवली की मीठ संपलं. दोन्ही हात वर उसळले की दूध उतू चाललं. कॉलर पकडून हलवली की तुमचा शर्ट उलटा आहे. आयकराची अशी काही खूण ठरलेली नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

बुधवारी सकाळी मास्तर अंघोळ करून, शाळेचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले. लॅपटॉप मुलीने दिलेला. आयकराच्या साइटवर आत गेल्यावर पहिलाच प्रश्न आला, फॉर्म कोणता हवा? एक साधा होता, पेन्शनवाल्यांसाठी. एक मधला. आणि शेवटी एक असा होता की त्याची नुसती अनुक्रमणिका वाचायला चष्मा दोनदा पुसावा लागावा.

“साधा फॉर्म ढ मुलांसाठी,” मास्तर स्वतःशीच म्हणाले. “रविवारी कुणी अवघड विचारलं तर?” आणि त्यांनी शेवटचा उघडला.

आता कुठलाही धडा शिकवायच्या आधी मास्तर एक उदाहरण सोडवून बघत. ही त्यांची उभ्या आयुष्याची शिस्त. आणि उदाहरणाची सुरुवात एकाच शब्दाने व्हायची : समजा. समजा, एका माणसाची बारा घरं आहेत. समजा, त्याच्याकडे शर्यतीचे चार घोडे आहेत. (तसा रकानाच होता. मास्तरांना मोकळा रकाना बघवत नसे.) घरं बारा आणि घोडे चार अशासाठी की भागाकार सुटसुटीत यावा. परदेशी बँकेत एक खातं टाकलं, ते दशांश अपूर्णांकाच्या सरावासाठी. उत्पन्न कोटीत ठेवलं, कारण शून्यं असली की आकडेमोड सोपी जाते. नाव मात्र वरच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःहून मास्तरांचंच घातलं होतं. मास्तरांनी ते फळ्याच्या कोपऱ्यातल्या तारखेसारखं मानलं, म्हणजे बघितलंच नाही.

शेवटी यंत्र म्हणालं, मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो टाका. ओटीपी आला काकूंच्या फोनवर, कारण मेव्हण्यांनी कधीकाळी बहिणीचाच नंबर देऊन ठेवला होता. काकू फोन घेऊन लगबगीने आल्या. मास्तरांनी सहा आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, याला नऊने भाग जातो!”

त्यांनी कागद ओढला, भाग घालून बघितला, मग अकराने जातो का तेही बघितलं. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तो मूळ संख्या निघतो की काय अशी शंका त्यांना आली होती, पण काकूंनी फोन असा काही डोळ्यांसमोर धरला की त्यांनी निमूट आकडे टाकले. उरलं फक्त एक बटण : सादर करा.

आणि तेव्हा, फोन खाली घेता घेता, काकूंची नजर पडद्यावर गेली. वर नवऱ्याचं नाव. खाली घोडे.

काकूंनी दोन्ही हात वर उसळवले.

“दूध?” म्हणत मास्तर स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद होता. दूध फ्रीजमध्ये गार पडलं होतं. ते परत आले ते जरा रागावूनच. काकूंनी कॉलर धरून गदागदा हलवली. मास्तरांनी शर्ट बघितला, बटणं चाचपली, आत वाकून शिलाईसुद्धा बघितली. “सुलटा तर आहे!” मग काकूंनी नाइलाजाने, आयुष्यात पहिल्यांदा, लगाम धरल्यासारख्या मुठी केल्या आणि जागच्या जागी चार पावलं दुडक्या चालीने टाकली.

मास्तर बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. “इतका आनंद झाला तुला?” ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

हिरवी बरोबरची खूण उगवली. ‘अभिनंदन. आपलं रिटर्न दाखल झालं आहे.’

“सराव परीक्षेचाही पेपर द्यावाच लागतो,” मास्तर समाधानाने हात चोळत म्हणाले. “आता तपासून परत येईल. मग खरं भरू.”

काकू घड्याळासमोर खुर्ची ओढून बसल्या. बारा वाजले आणि त्यांच्या तोंडून त्या दिवसाचा पहिला शब्द बाहेर पडला.

“अहो, घोडे कुणाचे?”

“घोडे? ते समजाचे.”

“ते समजाचे आहेत हे सरकारला कोण सांगणार?”

मास्तरांनी पडद्याकडे बघितलं. मग वरच्या कोपऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शेवटी फार लहान आवाजात म्हणाले, “समजा लिहायला जागाच नव्हती गं.”

संध्याकाळपर्यंत पुढचा मेसेज आला. भरायच्या कराचा आकडा त्यात होता. त्या आकड्यात मास्तरांचं घर बसलं असतं, शेजारचं बसलं असतं आणि वर घोड्यांच्या चाऱ्याचीही सोय झाली असती.

“भावाला फोन लावू का?” काकूंनी भीत भीत विचारलं.

“लाव की. आणि रविवारचा वर्गही त्यालाच घ्यायला सांग. मी खिडकीशी बसतो.”

काकूंनी फोन लावला नाही. पण मास्तरांना दम कुठला? ते सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि आपण अगदी सहज आलोय अशा थाटात म्हणाले, “समजा हं, एखाद्याने रिटर्नमध्ये चुकून चार घोडे दाखवले, तर पुढे काय होतं?”

सेक्रेटरींनी चहाचा कप खाली ठेवला. “मास्तर, चुकून लपवणारे मी पुष्कळ बघितले. चुकून दाखवणारा आजच ऐकतोय.” मग आवाज खाली आणून विचारलं, “कुठे ठेवलेत?”

झालं. जिना चढून मास्तर घरी पोचायच्या आत बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. तळमजल्यावरच्या केमिस्टने सकाळी दुकानातूनच हाक मारली, “मास्तर, घोड्यांचं जंताचं औषध होलसेल भावात देईन, परक्याकडून घेऊ नका!” दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई काकूंना जिन्यात गाठून म्हणाल्या, “घोड्याचं वय दातांवरून कळतं म्हणतात हो. मला फक्त एकदा तोंड उघडून बघू द्या.” काकू मौनात. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी परवानगी मिळाली असं धरलं. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं पावतीपुस्तक घेऊन आले आणि ‘आपल्या ऐपतीला शोभेल’ एवढं लिहा म्हणाले. सल्लेही सगळ्यांनी सढळ हाताने दिले. घोडे आजारी दाखवा. मेलेले दाखवा. तबेला जळाला म्हणा. बायकोच्या नावावर करा.

“खोटं एक अक्षर लिहायचं नाही,” काकूंनी दुपारी बजावलं.

“आता आणखी काय खोटं लिहिणार,” मास्तर म्हणाले. “जागा संपली.”

शुक्रवारी दोघं कर कार्यालयात गेले. सकाळचीच वेळ, म्हणजे काकू आल्या त्या नुसत्या सोबतीला. खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी मास्तरांचा नंबर यंत्रात टाकला आणि बाईंची पाठ आपोआप ताठ झाली.

“बोला साहेब. घोड्यांचं का?”

“घोडे नाहीत.”

“विकले?”

“नव्हतेच.”

“नव्हतेच म्हणजे चोरीला गेले? पोलिसांत तक्रार?”

“बाई, ते उदाहरण होतं. मी गणित शिकवायचो. समजा एका माणसाकडे...”

“कोणाकडे?”

“कोणाकडेच नाही! मुद्दा घोड्यांचा नाहीच, रीत कळावी म्हणून—”

कारकून बाईंनी काकूंकडे बघितलं. “तुम्ही सांगा. घरी घोडे आहेत?” काकूंनी जोरजोरात मान हलवली, नाही. “मग बोला ना तोंडाने.” काकूंनी आकाशाकडे बोट दाखवलं. बाईंनी आवाज उतरवला. “यांनी बोलू नका म्हणून दम दिलाय का? घाबरू नका, सांगा मला.”

मास्तरांनी आयुष्यात कुणाला दम दिला असेल तर तो लघुत्तम साधारण विभाज्य विसरणाऱ्या मुलांना. त्यांनी घाम पुसत मौनव्रताचा सगळा खुलासा केला. तो ऐकून मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, “सकाळी बारापर्यंत? रोज? तुम्ही नशीबवान आहात हो.” काकूंनी मागे वळून बघितलं. तो माणूस रांग सोडून पाणी प्यायला गेला.

कारकून बाई मात्र एकदम हसल्या. “अहो, मग एवढं घाबरलात कशाला? सुधारित रिटर्न भरायचं. चुकलात त्याच ठिकाणी जायचं, दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं. त्याचेही पैसे नाहीत. सोमवारी मुदत संपते, त्याच्या आत करा म्हणजे झालं. आणि या वेळी तो साधा फॉर्म घ्या. पेन्शनवाले ना तुम्ही? तुमच्यासाठीच आहे तो.”

सुटका झाली होती, पण परतीच्या वाटेवर मास्तर गप्पच होते. दोघांचंही मौन. कोपऱ्यावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “मला खालच्या वर्गात बसवलं गं.”

शनिवारी साइट उघडली तर तिच्यावर एकच ओळ : देखभालीसाठी बंद, रविवारी सकाळी सुरू होईल. मास्तरांनी ती ओळ दिवसभर वाचली. संध्याकाळी ते घरात दिसेनात म्हणून काकू खाली गेल्या, तर जिन्याखालच्या फळ्यासमोर मास्तर उभे. हातात डस्टर. सूचनेतला ‘रविवारी’ पुसून झाला होता.

“हे काय?”

“ज्याला स्वतःला आलं नाही, त्याने फळ्यासमोर उभं राहू नये.”

काकूंनी डस्टर काढून घेतलं नाही. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकल्या. “मग वर्गात ज्याचं गणित चुकायचं त्यालाच का हो फळ्यापाशी बोलवायचात? बरोबर असेल त्याला तर जागेवरच बसवायचात.”

मास्तरांनी डस्टर खाली ठेवलं. खिशातून खडू निघाला आणि पुसलेला शब्द परत लिहिला गेला. आधीपेक्षा मोठ्या अक्षरात.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आयकर शिकायला निम्मे आले असतील, बाकीचे घोड्यांसाठी. दाराशी मेव्हणेही उभे होते, बोटात किल्ली. कुणी तरी त्यांना फोन करून विचारलं होतं म्हणे, की मास्तरांचे घोडे तुम्हीच लपवून ठेवले होते का.

“भाऊजी, मला सांगायचंत तरी,” ते म्हणाले, “आत्ता घरी नेऊन दोन मिनिटांत मिटवतो. लोकांसमोर शोभा कशाला?”

“बसून घ्या,” मास्तर म्हणाले. “वर्ग सुरू झालाय.”

त्यांनी फळ्यावर लिहिलं : समजा. मग त्यावर एक आडवी रेघ मारली.

“हे उदाहरण मी चुकवलंय,” ते म्हणाले. “कसं चुकलं ते आधी सांगतो. मग तुमच्यासमोर दुरुस्त करतो. तुम्हाला पण असंच चुकता येईल, म्हणून नीट लक्ष द्या.”

काकू मागे दाराशी उभ्या होत्या, कारण फोनला रेंज तिथेच येई. तिथून त्यांना मास्तर दिसत होते, आणि मास्तरांचा आवाज! तो पार गच्चीपर्यंत जात असावा. अवघड फॉर्म का निवडला हे सांगितलं तेव्हा हॉल हसला. दशांश अपूर्णांकासाठी परदेशी खातं काढलं म्हणाल्यावर सेक्रेटरींना ठसका लागला. मग मास्तरांनी टेबलावरच्या लॅपटॉपवर साधा फॉर्म उघडला. दातांच्या डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेतून पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होत्या. पेन्शनचा आकडा तिथे आधीच भरलेला होता. बँकेचं व्याज तेवढं ताडून बघायचं, पत्ता तपासायचा. घरं गेली, परदेशी खातं गेलं. घोडे जाताना मात्र केमिस्ट कळवळून म्हणाला, “मास्तर, एक तरी ठेवा!”

“ओटीपी,” मास्तर म्हणाले.

काकूंचा फोन किणकिणला. मध्ये एवढी गर्दी की जायला वाट नाही. त्यांनी आकडे एकदा वाचले आणि फोन पुढच्या माणसाकडे दिला. तो हातोहात निघाला. प्रत्येकाने तो कौतुकाने बघितला, कुणी उजेडाकडे धरला, कुणी वॉलपेपरवरची नात कुठल्या वर्गात आहे विचारलं, केमिस्टने चार्जिंग किती उरलंय ते दाखवलं. काहीच उरलं नव्हतं. मास्तरांच्या हातात फोन पडला तेव्हा पडदा काळा झाला होता.

“अगं, आकडे आठवतायत?”

काकूंनी मान हलवली. हो. रोजची पोथी पाठ असलेल्या बाईला सहा आकडे ते काय?

“मग सांग!”

“काकू, सांगा!” अख्खा हॉल ओरडला.

“ताई!” मेव्हणे किंचाळले. “ओटीपी कुणाला सांगायचा नसतो!”

बारा वाजायला पुष्कळ अवकाश होता. काकूंनी डोळे मिटले. बोलायचं तर नाहीच. लिहायचंही नाही, ती पळवाट. पण हे आकडे काही आपले नव्हेत, त्यांनी मनात मांडलं. सरकारचे आहेत. दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला पोचती करणं हे बोलणंही नव्हे आणि लिहिणंही नव्हे. देवाला हे पटलं का, याचा अंदाज घ्यायला त्या क्षणभर थांबल्या. तिकडून हरकत आली नाही.

मग गर्दीतून कोपरं मारत त्या फळ्यापाशी गेल्या, मास्तरांच्या हातातून खडू घेतला (इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी त्या खडूला कधी हात लावला नव्हता) आणि टपोऱ्या आकड्यांत ओटीपी फळ्यावर मांडला.

मास्तरांनी टाकला. बटण दाबलं. हॉल श्वास रोखून बसला.

हिरवी खूण उगवली.

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सगळ्यांचे हात गुंतले होते. सगळे वहीत माना घालून फळ्यावरचे सहा आकडे उतरवून घेत होते. सेक्रेटरींनी तर त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

“अहो, हे कशाला उतरवताय?” मास्तर ओरडले. “हे उत्तर आता चुकीचं झालं! तुमचं प्रत्येकाचं वेगळं येईल!”

“फळ्यावर होतं ना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “परीक्षेला नाही का?”

मास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि ते रांगांमधून फिरू लागले. प्रत्येकाच्या वहीतल्या त्या आकड्यांवर फुली मारत, समास सोडला नाही म्हणून रागावत, शंका विचारणाऱ्याच्या पाठीवर थाप मारत. एका शंकेतून दुसरी निघत होती. बारा कधीच वाजून गेले आणि काकूंना बोलायचं लक्षातच आलं नाही. मास्तरांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

फिरत फिरत ते दारापाशी आले.

“वही कुठे आहे?”

“भाऊजी, मी सीए आहे.”

“वही कुठे आहे?”

मेव्हण्यांनी किल्ली खिशात टाकली, इकडे तिकडे बघितलं आणि केमिस्टकडे एक कोरं पान मागितलं.